अनवाणी टाच

पिवळे गमबूट, नंबर नऊ. डाव्याच्या आत कारखान्याने कोंबलेला कागदाचा बोळा.

खाडीत चाळीस वर्षं लाँच चालवलेला एक म्हातारा. दर ईदेला सकाळी फोन करतो. पहिल्या रिंगला उचलायला मी धजत नाही.

छपराचे पत्रे, तांदळाची सहा पोती, शाळेच्या खडूंचा एक खोका.

सुपारी आणि चुना. पापुआतही खातात, तोंडं तशीच लाल. फक्त पान नसतं, पानाच्या वेलीची शेंग असते.

छातीवरचा बिल्ला : सेफ्टी ऑफिसर. वय पंचवीस.

चारशे साठ मीटर.

“टाच रुतते,” रेडिओवर टोबायस म्हणाला. “आज नको.”

सोमवार होता. आम्ही पापुआच्या डोंगरांवर, यामेका गावाच्या वर घिरट्या घालत होतो. डाव्या सीटवर कॅप्टन मेढेकर, आमचे मुख्य वैमानिक, आणि उजवीकडे मी. विमान एका इंजिनाचं, सहा जणांचं. मागे सीट काढून पत्रे भरलेले.

“टाच रुतते म्हणे,” मेढेकर मराठीत म्हणाले. “ह्याच्या टाचेला सर्टिफिकेट कुणी दिलं रे?”

“सर, काल रात्रभर पाऊस होता.”

“चांदोरकर, इथं रात्रभर पाऊस कधी नसतो ते सांग मला.”

यामेकाला रस्ता नाही. चालत गेलं तर पाच दिवस. जे काही येतं ते त्या चारशे साठ मीटर गवताच्या पट्टीवर येतं. पट्टी सपाट नाही, डोंगराच्या उतारावर टाकलेली आहे. उतरायचं ते चढाच्या दिशेने आणि उडायचं उताराच्या दिशेने. वरच्या टोकाला कड्याची भिंत, खालच्या टोकाला दरी. शेवटचं वळण घेतलं की संपलं. मग उतरावंच लागतं.

टोबायस त्या पट्टीचा राखणदार. पन्नाशीचा, आडवा, एका कानाची पाळी तुटलेला. रोज उजाडता तो खालच्या टोकापासून वर चालत जायचा. अनवाणी. दर दहा पावलांना थांबायचा, एक पाय उचलायचा आणि सगळं वजन टाचेवर टाकायचा. मग रेडिओवर तीनपैकी एक गोष्ट सांगायचा. टाच बसते. टाच रुतते. टाच गिळली. त्याच्या पिजिनमधलं, तिकडच्या इंग्रजी मिसळलेल्या बोलीतलं, मी मराठीत सांगतोय. सोळा वर्षं तो हे करत होता आणि सोळा वर्षांत यामेकाला एकही विमान मोडलं नव्हतं.

मेढेकरांनी नाक खाली घातलं.

चाकं टेकली आणि पुढची काच चिखलाने भरून गेली. विमान गचके खात, इंजिन बोंबलत, कसंबसं वर चढलं आणि थांबलं. माझा हात मागच्या पत्र्यांना धरायला गेला होता. तळवा चरचरला. बघतो तर अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाटलेला.

“बघ,” मेढेकर म्हणाले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलंही नव्हतं.

विमान येतं त्या दिवशी अख्खं गाव पट्टीशी जमतं. मेढेकर खाली उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली.

“टोबायस! इकडे ये. विमान कुठं आहे?”

“इथं आहे, साहेब.”

“बुडालं?”

“नाही.”

“मग खोटं कोण बोललं, तू की तुझी टाच?”

लोक हसायला लागले. मेढेकरांना हसणारे लोक मिळाले की ते थांबत नसत. त्यांनी वाकून, बैलाच्या खुराला नाल ठोकताना धरतात तसा टोबायसचा पाय घोट्याशी धरून वर उचलला आणि चिखलाचा तळवा सगळ्यांना दाखवला. “हे बघा आमचं यंत्र! परदेशातून मागवलंय!” टोबायस एका पायावर लंगडत, तोल सावरत उभा होता. बायका हसल्या, पोरं हसली, त्याची स्वतःची बायको तोंडावर हात ठेवून हसली.

मी हसलो.

टोबायसने काडीने पाय खरवडला. मग तो चाकाच्या चाकोरीपाशी उकिडवा बसला आणि तिच्यात बोटं घातली. “चार बोटं,” तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. “सहा झाली की विमान नाक खुपसतं.”

*

कालूमाला, कंपनीच्या तळावर, माझ्या हाताला अकरा टाके पडले. संध्याकाळी मेढेकरांनी बोलावलं. मला आणि माझ्यासोबतच्या अल्ताफला त्यांनीच धुळ्याच्या फ्लाइंग क्लबातून उचलून इथं आणलं होतं. “आपली पोरं” म्हणायचे. आपल्या पोरांना शिव्या देता येतात, त्याचं त्यांना सुख होतं.

“शुक्रवारी खाणवाल्यांचा ऑडिटर येतोय. त्यांचं काम मिळालं तर कंपनी उभी राहते, नाहीतर आपण सगळे घरी. कळलं? मला प्रत्येक पट्टीवर व्यवस्था पाहिजे. राखणदाराला जॅकेट, बूट आणि भरायला छापील फॉर्म. अनवाणी माणूस त्याच्या फोटोत दिसला तर लोक हसतील आपल्याला.”

“सर, टोबायस तर टाचेनेच...”

“तेच बंद करायचंय. प्रोफेशनल व्हा की जरा! तू आजपासून सेफ्टी ऑफिसर.”

“मला त्यातलं काय कळतं?”

“ज्याला कळतं त्याला मी उडायला पाठवतो. तुझा हात फाटलाय, तू तसाही बसून खाणार.” त्यांनी टेबलावरून बिल्ला माझ्याकडे सरकवला. तो आधीच तयार होता.

खोलीवर अल्ताफ मुकादम भात लावत होता. त्याने बिल्ला पाहिला आणि पळी कपाळाला लावून सलाम ठोकला.

“या, सेफ्टी साहेब! भाताला फॉर्म भरायचाय का? कठीण की मऊ?”

“गप रे.”

“चांदू, ऐक. मेढेकर उतरला आज टोबायसच्या नाकावर टिच्चून. मी नाही उतरणार. त्याची टाच बसली तर मी बसणार, रुतली तर घरी. माझ्या अब्बांनी एकच शिकवलंय, पाण्यात जायचं तर किनाऱ्यावरच्या माणसाला विचारून.”

“आणि मेढेकर ओरडले तर?”

“ओरडू दे. त्याला गळा दिलाय अल्लाने, मला डोकं.” मग भाताकडे बघून म्हणाला, “हा मात्र गिळला.”

*

बुधवारी अल्ताफनेच मला यामेकाला नेलं. दोन दिवस ऊन पडलं होतं. टोबायस म्हणाला, टाच बसते, आणि खरंच बसली.

मी त्याला पिवळे बूट दिले, चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट दिलं, फॉर्मचा गठ्ठा दिला. अल्ताफ पोती उतरवता उतरवता ओरडला, “अरे, नवरदेव दिसतोय! घोडा आणा कुणीतरी!”

टोबायसने बूट घातले. दहा पावलं चालला, पाय उचलला, टाच टाकली. तसाच उभा राहिला. परत टाकली.

“यात पायाला ऐकू येत नाही,” तो म्हणाला.

“सवय होईल.”

“पायाला?”

“कंपनीचा नियम आहे. ड्युटीवर असताना बूट.”

“ड्युटी म्हणजे कधी?”

“पट्टीवर चालशील तेव्हा.”

“तेव्हाच तर ऐकायचं असतं.”

मी त्याला फॉर्म दाखवला. दोन चौकोन. कठीण, मऊ. एकात फुली मारायची आणि रेडिओवर तेवढं सांगायचं. त्याने कागद उलटून पाठीमागे पाहिलं.

“आणि गिळली तर?”

“मऊ.”

“गिळली म्हणजे मऊ नाही.”

“टोबायस, दोनच चौकोन आहेत.”

त्याने गालातली सुपारी एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली. तो मला बराता म्हणायचा. त्यांच्याकडे भावाला तसं म्हणतात.

“बराता, सोमवारी साहेब हसला तेव्हा तू हसलास.”

मी फॉर्मच्या गठ्ठ्याचे कोपरे सारखे केले.

“नाही घातले तर काम जाईल?”

हे सांगायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मेढेकरांनी असं काही म्हटलं नव्हतं. छातीवरच्या बिल्ल्याने माझ्या तोंडून वदवलं म्हणू का? नाही. मी बोललो.

“जाईल.”

“बरं,” टोबायस म्हणाला. त्याने फॉर्मचा गठ्ठा जॅकेटच्या आत सरकवला, लहान पोर पोटाशी धरतात तसा.

*

शुक्रवार. कालूमा तळ, रेडिओच्या नोंदवहीतला उतारा. अक्षर माझं.

६.१५. रेडिओ सुरू. पट्ट्यांची हजेरी.

६.२५. यामेका : कठीण. वारा शांत. ढग डोंगराच्या वर.

६.३०. दुसरी पट्टी : कठीण.

६.३४. तिसरी पट्टी : मऊ. आजची फेरी रद्द.

७.०५. विमान यामेकाकडे निघालं. वैमानिक मुकादम. माल : पत्रे, तांदूळ, खडू.

७.४१. मुकादम : पट्टी दिसतेय. उतरतो.

७.४६. यामेका :

एवढंच. यामेकाच्या पुढे विरामचिन्ह आहे आणि मग रेघ, पेन घसरल्याची.

नोंदवहीत नाही ते असं. खाणवाल्यांचा ऑडिटर सहापासून माझ्या खुर्चीच्या मागे उभा होता, हातात वही घेऊन. सडपातळ, सौम्य माणूस. प्रत्येक पट्टीने चौकोनातला एकच शब्द सांगितला की मान हलवायचा. तिसऱ्या पट्टीची फेरी मी रद्द केली तेव्हा त्याने “छान” असं म्हटलं आणि लिहूनही घेतलं. मेढेकर दारात उभे राहून मला अंगठा दाखवत होते.

रात्री यामेकाला पाऊस झाला होता आणि पहाटे वारा सुटला होता. हे मला माहीत होतं. हवामानाचा कागद माझ्यासमोर होता.

अल्ताफ हेल्मेट काखेत मारून आत डोकावला होता.

“काय म्हणतो टोबायस?”

“कठीण.”

“म्हणजे टाच बसते?”

“कठीण म्हणतोय.”

“मग झालं,” अल्ताफ म्हणाला. “तो म्हणाला म्हणजे झालं. दुपारी बोंबील काढ, अम्मीने पाठवलेले. आज मेढेकरच्या ऑडिटरला पण वास देऊ.”

सात शेचाळीसला रेडिओवर टोबायसचा आवाज आला तो यामेका म्हणून नाही, फॉर्ममधला शब्द म्हणून नाही. “बराता,” तो म्हणाला. “बराता. नाक. नाक गेलं.” आणि मग बटण दाबलेलंच राहिलं. आम्हाला सगळ्यांना, ऑडिटरलाही, पंधरा मिनिटं त्या गावाचं रडणं ऐकू येत होतं.

हेलिकॉप्टर मिळेपर्यंत दहा वाजले. विमान खालच्या टोकापासून साठ मीटरवर उताणं पडलं होतं, चाकं आभाळाकडे. पत्रे पुढे सरकले होते. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

टोबायस विमानाशेजारी बसला होता. अनवाणी, दोन्ही हात कोपरापर्यंत फाटलेले, कारण पत्रे त्याने एकट्याने ओढून बाहेर काढले होते. बूट पट्टीच्या कडेला होते. व्यवस्थित, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढून ठेवावेत तसे.

मी माझे बूट काढले आणि खालच्या टोकाला जाऊन टाच टाकली. वर वाऱ्याने सुकलेली पापडी, बोटभर जाड. पापडी फुटली आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. पुन्हा बूट घातले आणि त्याच जागेशेजारी टाच टाकली. रुंद रबरी टाच. पापडी हलली नाही.

*

चौकशी कालूमाच्या चर्चच्या हॉलमध्ये झाली. सरकारी माणूस बाहेरून आला होता. जबान्या लिहून घेतल्या त्यातल्या टोबायसच्या :

प्रश्न : तुम्ही कठीण असं कळवलंत?

उत्तर : हो.

प्रश्न : जमीन कठीण होती?

उत्तर : नाही.

प्रश्न : मग खोटं का कळवलंत?

उत्तर : बुटाला कठीण लागली.

(हशा.)

प्रश्न : आणखी काही सांगायचं आहे?

इथे लिहिणाऱ्याने काही लिहिलेलं नाही, कारण काही बोललं गेलं नाही. टोबायस माझ्याकडे बघत होता. इतका वेळ की दुभाष्याने प्रश्न पुन्हा विचारला.

उत्तर : बराताला सांगायचं असेल तर तो सांगेल.

मेढेकर उठले. स्वच्छ पांढरा शर्ट, चारही पट्ट्या खांद्यावर. म्हणाले, आमची पद्धत चोख होती, फॉर्म होते, प्रशिक्षण होतं, सेफ्टी ऑफिसर होता. जमिनीवरच्या माणसाने चुकीची माहिती दिली. अडाणी माणसं आहेत, आम्ही तरी किती शिकवणार?

“हसला होतात तुम्ही!” मी म्हणालो.

“बस खाली, चांदोरकर.”

“नाही बसणार. सोळा वर्षं तो माणूस टाचेने सांगत होता आणि सोळा वर्षं कुणी मेलं नाही. तुम्ही गावासमोर त्याचा पाय बैलासारखा उचलून दाखवलात. तो रुतते म्हणाला तरी उतरलात, आणि वाचलात, म्हणून तो खोटा! त्याच्या टाचेवर रबर चढवलंत, फोटोसाठी. एका फोटोसाठी! कठीण-मऊचे दोन चौकोन दिलेत आणि आता विचारताय खोटं का बोलला? अल्ताफला त्याने नाही मारलं. तुम्ही मारलंत, हरामखोर!”

मी बिल्ला उपटून त्यांच्या अंगावर फेकला. शर्टाला भोक पडलं, ते अजून दिसतंय मला. सरकारी माणसाने मला पुन्हा पहिल्यापासून सगळं सावकाश सांगायला लावलं, आणि मी सांगितलं. सोमवार, बुधवार, चाकोरीतली चार बोटं, बुटातली टाच, पापडी. माझ्या आवाजाची धार मला स्वतःला आवडत होती.

हॉलबाहेर मेढेकरांनी मला गाठलं. ओरडले नाहीत. त्यांचा ओरडा मला परवडला असता.

“हिरो झालास.”

“तुमच्या हुकमाने झालं सगळं.”

“हुकूम बूट द्यायचा होता. दिलेस. शुक्रवारी रेडिओवर कोण होतं?”

“मी.”

“हं,” मेढेकर म्हणाले, आणि निघून गेले.

निकालात कंपनीचा परवाना गेला. मेढेकरांचाही गेला. राखणदारांना बुटांची सक्ती करू नये, जमीन त्यांना समजते तशीच तपासू द्यावी, असं एक कलम निघालं, माझ्या जबानीचा हवाला देऊन. टोबायसला मात्र यामेकाच्या लोकांनीच पट्टीवर पाय ठेवू दिला नाही. त्यांच्या रीतीत रक्ताचा हिशेब गावाला चुकवावा लागतो, आणि रेडिओवर शब्द त्याचा होता. काम सुटलं तेव्हा त्याने मला बूट परत दिले. धुऊन.

*

याला एकोणीस वर्षं झाली. मी आता धुळ्याला शिकवतो. दर नव्या तुकडीसमोर टेबलावर बूट ठेवतो आणि टोबायसची गोष्ट सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांचा संताप येतो आणि मी वर्गाबाहेर जातो. पोरांना वाटतं, सर हळवे आहेत.

अल्ताफ गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी, त्याच्या चाळिसाव्याला, मी रत्नागिरीला गेलो होतो. त्याचे अब्बा अंगणात जाळं घेऊन बसले होते, विणत नव्हते, नुसतं धरून. चौकशीचे कागद त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतले होते, दोनदा.

“बस, बाला,” ते म्हणाले. “चा घे.”

मी बसलो.

“आमच्याकडं ओहोटीला लाँच गाळात बसली तर खलाशी अनवाणीच उतरतो. बुटाला गाळ कळत नाय. एवढी साधी गोष्ट. ती त्या साहेबाला कळली नाय, आणि त्या काळ्या बिचाऱ्याला कळत होती तर त्याला कोणी इचारलं नाय.”

“हो, अब्बा.”

“एवढ्या लोकांत तू एकटा खरं बोललास. नोकरीवर लाथ मारून बोललास. अल्ताफला सांगायचो मी, किनाऱ्यावर एक तरी आपला माणूस ठेव. होतास तू.” त्यांनी माझा तो टाक्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या डोळ्यांना लावला. “ईदेला फोन करीन. उचलशील ना?”

“उचलीन.”

शुक्रवारी सकाळी सहा पंचविसाला, कठीण म्हणून झाल्यावर, टोबायसने रेडिओवर विचारलं होतं, “बूट काढून पुन्हा बघू का?” मी म्हणालो, “नको.”